मुरबाडचे आकडे

आटगाव, ता. शहापूर
२२ मे २०२३

मामा,

वाकून नमस्कार केला असं समज आणि आधी बातमी ऐक. सप्तर्षीच्या शेपटीजवळची ती चक्रीसारखी दीर्घिका आठवते ना, एम १०१? तिच्यात एक तारा फुटलाय. सुपरनोव्हा. शनिवारी खगोल मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला आणि काल साडेआठला मी गच्चीवर दुर्बीण लावली, तर खरंच होता. जिथे कधी काही नव्हतं तिथे टाचणीच्या टोकाएवढा, निळसर.

मंडळाचे शेखरसर सगळ्या निरीक्षकांचे आकडे एकत्र करणार आहेत. तारा कुठल्या दिवशी किती तेजस्वी दिसला त्याचा आलेख सप्टेंबरात छापतील, खाली प्रत्येकाचं नाव आणि गाव. आपल्या बाजूची दोनच नावं असतील, आटगावची मी आणि धसईचा तू. अकरा वर्षं बघतोयस, पण छापील कागदावर तुझं नाव एकदाही आलेलं नाही. या वेळी मला ते बघायचंच आहे.

नियम तुझेच. दुसऱ्याचा आकडा कानावर पडला की आपला डोळा तोच बघतो, हे मी नववीत असताना तूच शिकवलंस. तेव्हा फोनवर ताऱ्याचं नाव काढायचं नाही. दिसलं ते वहीत, वहीतलं पत्रात. पोस्टाला दोन-तीन दिवस लागतात ते आपल्या पथ्यावरच आहे. शेजारच्या ताऱ्यांचा तक्ता सोबत जोडलाय, त्यांच्याशी ताडून बघ. आकडा जितका मोठा तितका तारा मंद, हे तुला नको सांगायला, पण मामी पत्र वाचून विचारेलच म्हणून लिहिते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी ग्रेटिंगची काच मागून आणली आहे. ती कॅमेऱ्यापुढे लावली की ताऱ्याचा उजेड रंगांच्या पट्ट्यात पसरतो. तो वर्णपट मी दर आठवड्याला घेणार आहे. उजेड दोघं मोजू, रंग माझ्याकडे.

समीक्षा


धसई, ता. मुरबाड
२८ मे २०२३

समीक्षा बाय,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जीपखाली आडवा पडून ग्रीस मारत होतो. मामीने तिथेच उभं राहून वाचून दाखवलं आणि वर म्हणाली, "आकडा मोठा तर तारा बारीक, ह्ये उलटाच हाय." मी म्हटलं, शाळेत पहिला नंबर मोठा की दहावा? त्यावर ती गेली भाकऱ्या थापायला.

तारा मिळाला. कल्याणची शेवटची फेरी करून पावणेआठला घरी आलो, हातपाय धुतले आणि खळ्यात दुर्बीण मांडली. आकाशदर्शनाच्या शिबिरवाल्यांनी दिलेली तीच आठ इंची. आता बुड थोडं डुगडुगतं, पण आरसा चोख आहे. आकडे घे:

२४ मे, ११.३
२५ मे, ११.३
२७ मे, ११.२

सगळे उजव्या डोळ्याने. तूही एकच डोळा ठेव, सुरुवात केली ती शेवटपर्यंत. डोळा आणि दुर्बीण मध्येच बदलली की आधीचं सगळं पाण्यात.

नावाचं म्हणतेस तर हो, मलाही बघायला आवडेल. स्टँडवरचे गणू आणि हनुमान मला 'नवग्रह' म्हणून हाक मारतात, त्यांच्या नाकासमोर तो कागद धरीन. बावीस वर्षं जीप आणि अकरा वर्षं दुर्बीण. जीपला कधी माणूस लागला नाही आणि वहीत कधी न बघितलेला आकडा गेला नाही. माझ्याकडे मिरवण्यासारखं एवढंच आहे.

आमची प्रियांका उद्या तुमच्याकडे येईल, शहापूरला तुझ्या कॉलेजात फॉर्म भरायचा आहे. ताईला फोनवर सांगितलंय, चार दिवस ठेवून घे. पोरीला तिखट कमी, हेही.

देवराममामा


आटगाव
४ जून २०२३

मामा,

आता तुझे आकडे हातात आहेत, म्हणून त्या तीन दिवसांचे माझे लिहिते: १०.९, १०.९, १०.८. तुझ्यात आणि माझ्यात चार दशांशांचा फरक पडतोय. एखाद्या दशांशाचा फरक मी समजू शकते. इतका आपल्यात कधी पडलेला नाही. तक्ता उलटा तर धरला नव्हतास? खालचा ११.३ चा तारा आणि त्याच्या डावीकडचा, यांच्यात घोळ होऊ शकतो.

मंडळातल्या बाकीच्यांशी माझे आकडे जुळतात. हे मी टोचायला लिहीत नाही.

पहिला वर्णपट छापून पाठवतेय. निळ्या बाजूला किती उजळ आहे बघ, आणि तांबड्याकडे जाता जाता कसा विझत जातो. सर म्हणतात, फुटलेला तारा आत्ता भयंकर तापलेला आहे म्हणून निळा. थंड होईल तसा तांबडा होत जाईल.

प्रियांका गुरुवारी संध्याकाळी गेली. चारही दिवस माझ्या टेबलावर बसून फॉर्म भरत होती. रोज रात्री जेवणाआधी तुझा फोन यायचा, तेव्हा कळलं की तू मुलीशी बोलतोस तरी, नाहीतर आम्हाला वाटायचं फक्त इंजिनाशी.

समीक्षा


धसई
८ जून २०२३

बाय,

तक्ता सरळच धरला होता. तू शाळेत असल्यापासून मी तक्ते धरतोय. हवा बरी नसेल एखाद वेळी, नाहीतर माझा आरसा धुवायला झाला असेल. पुढचे घे:

२९ मे, १०.९
३० मे, १०.९
३१ मे, १०.९
३ जून, ११.४
५ जून, ११.४

मधे डोळ्याला रांजणवाडी आली होती, मामीने लवंग उगाळून लावली. बघायचं मात्र चुकवलं नाही.

वर्णपट स्टँडवर दाखवला. हनुमान म्हणाला, साडीचा काठ आहे.

देवराममामा


आटगाव
१३ जून २०२३

मामा,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय.

२९, ३०, ३१ मे. या तीन दिवशी तुमचा आणि माझा आकडा दशांशापर्यंत एक आहे. त्याआधी चाराचा फरक, त्यानंतर पुन्हा पाचाचा. आकाशातला तारा फक्त तीन दिवसांपुरता मुरबाडवर मेहेरबान होत नाही. आणि नेमक्या त्याच तीन दिवसांत प्रियांका माझ्या टेबलावर बसलेली होती, माझी वही तिच्या कोपराशी उघडी होती, आणि रोज रात्री तुमचा फोन येत होता.

मी प्रियांकाला विचारलं. ती रडली. "ताई, मला त्या वहीतला काय कळतंय, मी बघितली पन नाय," म्हणाली. तिच्यावर विश्वास ठेवावा असं वाटतं, पण आकडे समोर मांडले की ठेवता येत नाही.

आकडे शेखरसरांकडे गेले आहेत. त्यांनी मी न सांगता तेच हेरलं. म्हणाले, ज्याचा आकडा मधेच दुसऱ्याशी तंतोतंत जुळतो आणि परत फिरतो, त्याने कुणाचा तरी बघून लिहिलेला असतो. ऑगस्टअखेरपर्यंत समाधानकारक खुलासा आला नाही तर मुरबाडचे सगळे आकडे वगळतील आणि नावही. मंद दिसला म्हणून नाही, नक्कल केली म्हणून. यापुढे तुमचं निरीक्षण कुणी घेणारच नाही.

ज्या माणसाने मला न बघितलेला आकडा लिहायचा नाही हे शिकवलं, त्याला मला हे विचारावं लागतंय. तुम्ही माझे आकडे लिहिलेत का? नसतील लिहिले, तर त्या तीन दिवसांत वेगळं काय झालं होतं?

समीक्षा


धसई
१८ जून २०२३

समीक्षा,

पत्रात पहिल्यांदाच माझं 'तुम्ही' झालेलं बघितलं. मामीनेही वाचताना तिथेच मान वर केली.

प्रियांकाला यात ओढायला नको होतंस. ती मला फोनवर जेवणात काय होतं ते सांगायची, आणि घाटावरच्या भाज्या ताई बऱ्या करते एवढंच. विश्वास ठेव नाहीतर ठेवू नको.

तुझ्याकडे कॅमेरा आला, काच आली, सरांशी रोजचं बोलणं आलं. मग खळ्यात बसून डोळ्याने बघणारा जीपवाला मधे अडचण होणारच. मला तर असं वाटायला लागलंय की तुम्हा लोकांना दोनऐवजी एकच नाव हवं होतं आणि निमित्त मिळालं. तुझे आकडे सरांना आधी दिलेस आणि माझे नंतर, का तेही सांगशील?

त्या तीन दिवसांत वेगळं काही झालं नव्हतं. खुलासा मी देणार नाही. नक्कल केली असं लिहायचं असेल तर लिही. नाव कापायचं असेल तर कापा.

देवराम


धसई
२० जुलै २०२३
(पोस्टकार्ड)

१४ जुलै, ११.५
१७ जुलै, ११.६
पावसाच्या उघडिपीत बघितले. नको असतील तर टाकून दे.
देवराम


आटगाव
१४ ऑगस्ट २०२३

मामा,

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. प्रियांका कॉलेजला येते, तिच्या हाती देतेय आणि बजावून सांगितलंय की तुझ्याच हातात दे, मामीच्या नको. प्रियांका अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिचं बरोबरच आहे.

नक्कल करायचं कबूल करायला माणूस इतका तयार कसा, हे मला दोन महिने छळत होतं. तू माझ्याशी अर्ध्या कप चहावरून भांडणारा माणूस. चोरीचा आळ घेतला तर तू आटगावला येऊन दारात उभा राहायला हवा होतास. तू पोस्टकार्ड पाठवलंस. तेव्हा मला नकलेपेक्षा वेगळा संशय यायला लागला, की तू त्याहून मोठं काहीतरी झाकतोयस.

काल सुट्टी होती. मी सगळे वर्णपट जमिनीवर ओळीने मांडले आणि प्रत्येकाखाली आपल्या दोघांचा फरक लिहिला. मे महिन्याचा पट्टा निळा, फरक चार. जूनचाही निळसरच, फरक चार-पाच. जुलैत निळी बाजू ओसरली, तांबड्यात हायड्रोजनची रुंद रेघ वर आली, आणि फरक एकावर आला. ऑगस्टमधला पट्टा सगळा तांबूस आहे. तुझं सहा ऑगस्टचं कार्ड शनिवारी मिळालं, त्यात ११.९ आहे. माझाही ११.९.

तारा तांबडा होत गेला तसा तू मला जुळत गेलास, मामा. नक्कल करणारा माणूस ताऱ्याच्या रंगाप्रमाणे नक्कल करत नाही.

मग मी मखरातला पिवळा जिलेटिनचा कागद काढला आणि डोळ्यापुढे धरून हंसाच्या चोचीतला जोडतारा बघितला. पिवळा होता तसाच राहिला. निळा जवळजवळ गेला. नुसता कमी उजेड घेणारा डोळा सगळ्याच ताऱ्यांना सारखं मंद करतो, तुलनेच्या ताऱ्यांनाही, त्याने आकडा बिघडत नाही. निळा अडवणारा डोळा बिघडवतो. आमच्या कॉलेजातल्या रंजिता मॅडमच्या आईचा मोतीबिंदू काढला तेव्हा त्या आजी म्हणाल्या होत्या, भिंती पांढऱ्या आहेत हे मला चार वर्षांनी कळलं.

त्यानंतर मी तुझं आठ जूनचं पत्र काढून वाचलं. रांजणवाडी. कुठल्या डोळ्याला ते तू लिहिलेलं नाहीस, पण मी सांगते, उजव्या. ते तीन दिवस तू डावा डोळा लावला होतास. उत्तर तू स्वतःच्या हाताने लिहून पाठवलं होतंस आणि मी त्यावरून तुझ्या मुलीला रडवलं. मला माफ कर. हे लिहून भागणार नाही हे माहीत आहे.

पण एवढ्यावर मला थांबता येत नाही. प्रियांकाने सहज बोलता बोलता सांगितलं की पप्पांनी जीपचा उजवा आरसा होळीपासून तिसऱ्यांदा बदलला. स्टँडवर कुणीतरी ठोकतं म्हणे. तिन्ही वेळा उजवाच.

तुला माहीत आहे. मला वाटतं २९ मेपासून तुला माहीत आहे. हे कारण मी शेखरसरांना लिहिलं तर तुझे सगळे आकडे खरे ठरतील आणि नाव छापून येईल. पण मग मामीला कळेल, स्टँडवर कळेल, आणि जीपचं काय होईल ते तुझं तुला माहीत. म्हणून तू नक्कलखोर व्हायला तयार झालास. ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं, हे मी सांगून तू ऐकणार नाहीस, ऑपरेशनात आबा आजोबांच्या डोळ्याचं जे झालं ते तू बघितलेलं आहेस.

तुझ्या परवानगीशिवाय मी सरांना एक ओळही लिहिणार नाही. मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर दे. तीस तारखेला राखी आहे. आई नेहमीप्रमाणे आटगावहून कल्याणला उतरेल आणि तिथून तुझ्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर बसेल. तुझी शेवटची फेरी, म्हणजे दिवेलागणीची वेळ, समोरून गाड्यांचे दिवे.

पाठवू?

समीक्षा


धसई
२२ ऑगस्ट २०२३

समीक्षा बाय,

पत्र मिळून पाच दिवस झाले. पहिले दोन दिवस तुझा राग आला. तिसऱ्या दिवशी तुझ्या शेवटच्या शब्दाचं उत्तर लिहायला बसलो आणि 'पाठव' लिहिता आलं नाही. तेवढे दोन दिवस मी तरीही जीप काढली, हेही लिहून ठेवतो.

उजव्याच डोळ्याला रांजणवाडी होती. २९ तारखेला नाइलाजाने डावा लावला आणि तारा असा काही समोर आला, निळा, टपोरा, की मी दुर्बिणीपासून मागे सरलो. मग सुजलेला उजवा बळेच उघडून लावला. तोच तारा, मधे चहाचं पाणी धरल्यासारखा. खळ्यातल्या खाटेवर बराच वेळ बसून राहिलो. मामीने विचारलं तर म्हटलं, ढग आलेत.

ते तीन दिवस डाव्याने दिसलं ते लिहिलं. सूज उतरल्यावर उजव्यावर परत आलो, कारण एकच डोळा ठेवायचा हा नियम. तुला शिकवलेला नियम माझ्याच कामी आला. डाव्याने बघत राहिलो असतो तर सगळेच आकडे बदलले असते आणि तू लगेच विचारलं असतंस. तुझ्या वहीतला एकही आकडा मी लिहिला नाही. जो डोळा लावला त्याला दिसलं तेच लिहिलं. डोळा लपवला, आकडा नाही. पण 'वेगळं काही झालं नव्हतं' हे वाक्य खोटं होतं, ते तेवढं मागे घेतो. दोन नावांचं बोललो तेही.

मला वाटलं होतं, नक्कल करणारा मामा तुम्ही चार दिवस रागावून सोडून द्याल. डोळा गेलेल्या ड्रायव्हरला कोण सोडतं? आबा ऑपरेशनहून आले तेव्हा मी त्यांना हाताला धरून ओट्यावर बसवलं होतं. त्यानंतर ते तिथून उठले ते जेवणापुरते.

आरशांचंही खरं आहे. तिसरा टोकावड्याच्या वळणावर टेम्पोला लागला. टेम्पोवाल्याने शिवी दिली, मी उलट दिली, आणि गाडीतल्या बायका माझ्याच बाजूने बोलल्या. सकुबाई तर त्याच्या अंगावर धावून गेली. तिची नात तिच्या मांडीवर होती. त्या दिवशी मी घरी येऊन नीट जेवलो. हे आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

ताई म्हटल्यावर माझा हात थांबला. मग वाटलं, सकुबाई कुणाची तरी ताईच आहे, तिला मी रोज बसवून आणतो.

शनिवारपासून जीप दारात उभी आहे. मामीला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "मला होलीपासून माहीत हाय. तुमी ताटातली मिरची चाचपून बघता." तिने ताईच्या डोळ्यांसाठी म्हणून सांगून डॉक्टर विचारून ठेवलाय, राखीनंतरची तारीख आहे.

सरांना लिही. जसं आहे तसं लिही, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, तीन आकडे डाव्याचे. मुरबाडच्या ओळीखाली ते छापायला सांग. प्रियांकाची माफी तू तिच्याकडेच माग, माझ्यातर्फे नको.

२० ऑगस्टला उघडीप होती. आता दोन्ही डोळ्यांचे आकडे वेगवेगळे लिहितो.

उजवा, १२.२
डावा, १२.२

तारा आता इतका तांबडा झालाय की दोघांनाही सारखाच दिसतो.

ताईला एसटीने पाठव. मी धसईच्या स्टँडवर घ्यायला येईन, चालत.

देवराममामा